आवाज आपला, टेप कुणाची?

आंबेडकरी चळवळ जितकी सभांनी आणि लेखणीने वाढली, तितकीच ती डफ, ढोलकी आणि पेटीने वाढली. सत्यशोधक जलशांचा वारसा घेऊन १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसे गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमध्ये पोहोचले. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या अनेक जलसाकारांनी कंदिलाच्या उजेडात रात्र-रात्र उभे राहून समाज जागा केला. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्या आपल्या आधीच्या पिढ्यांना महाडचे पाणी आणि काळारामाचे बंद दार समजले ते या गाण्यांतून. त्या जलशांचे शब्द थोडेफार वह्या-पुस्तकांत उरले. आवाज मात्र त्या रात्रींबरोबरच विरून गेले. कारण आवाज पकडून ठेवणारे यंत्र त्या काळी आपल्या हातात नव्हते.

आज यंत्र घराघरात आहे. तरीही आपला आवाज आपल्या ताब्यात आहे काय? हा प्रश्न आम्हाला पडला तो एका जुन्या पत्र्याच्या ट्रंकेमुळे.

आमच्या वस्तीत एक ज्येष्ठ गायक आहेत. सारी वस्ती त्यांना मामा म्हणते. त्यांच्याच इच्छेवरून येथे नाव देत नाही. गिरणीत पाळी करून रात्री भीमगीतांचे कार्यक्रम करणारा हा माणूस. १९९१च्या जन्मशताब्दी वर्षात भीमगीतांच्या कॅसेटींना मोठी मागणी आली. त्या लाटेत, १९९२ साली, एका कॅसेट कंपनीने मामांकडून एका रात्रीत बारा गाणी गाऊन घेतली. त्यातील सात गाणी मामांनी स्वतः लिहिलेली. हातावर एकरकमी बिदागी ठेवली आणि एका छापील कागदावर सही घेतली. कागदाची प्रत दिली नाही. कॅसेट ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर विकली गेली, १४ एप्रिलला मंडपामंडपांत वाजली. कव्हरवर गीतकार म्हणून मामांचे नाव नव्हते. दोन वर्षांपूर्वी मामा आमच्याकडे आले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, त्या कागदात मी काय दिलं, तेवढं फक्त मला शोधून द्या."

आम्ही शोधले. कंपनी केव्हाच बंद झालेली, कागद गेलेला. हाती उरली ती मामांची ट्रंक. तीत चाळीस-बेचाळीस कॅसेटी होत्या. टू-इन-वनवर घरी, विहारात, बारशाला, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मुद्रित केलेल्या. शिवाय १९७०च्या दशकात गिरणीतल्या एका सहकाऱ्याने आपल्या यंत्रावर केलेली एक स्पूल टेपही होती. या टेप वाजवायच्या कशावर, या अडचणीतून आमच्या घरच्या छोट्या स्टुडिओची सुरुवात झाली. पुष्कळ कार्यकर्ते त्याबद्दल विचारतात, म्हणून हा लेखाजोखा.

पहिला प्रश्न सगळेच करतात. मोबाइलच्या जमान्यात टेपचे हे खूळ कशासाठी? प्रश्न रास्त आहे. टेपमध्ये जादू आहे, असे आम्ही मानत नाही. टेप खर्चीक आहे, तिच्यात मागे सुंssस असा आवाज असतो, तिला बुरशी लागते. परंतु जुनी टेप चांगल्या स्थितीतील यंत्रावरच नीट वाजते. नादुरुस्त यंत्रावर ती अडकते, चुरगळते आणि पन्नास वर्षांपूर्वीचा आवाज डोळ्यांदेखत संपतो. म्हणजे यंत्र दुरुस्त करून घेणे भागच होते. आणि एकदा ते चालू झाल्यावर लक्षात आले की ज्या यंत्रावर जुना आवाज ऐकायचा, त्यावर नवाही मुद्रित करता येतो.

आम्ही दोन यंत्रे जमवली. एक कॅसेटवर चालणारे चार ट्रॅकचे यंत्र. या प्रकारचे पहिले यंत्र जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ साली पोर्टास्टुडिओ नावाने बाजारात आणले. साध्या कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे घेता येतील, अशी ती सोय. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने १९८२ चा 'नेब्रास्का' हा अल्बम असल्याच यंत्रावर, घरातल्या खोलीत बसून मुद्रित केला होता. दुसरे यंत्र पाव इंची टेपचे, चोरबाजारातून आणलेले. मागच्या पट्टीवर लिहिले होते, ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झ.

येथे आम्ही फसलो. व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर आणला आणि काम झाले असे समजलो. मामांची जुनी स्पूल लावली, तर गाणे रडतखडत चालू लागले. मामा म्हणाले, "हा माझा आवाज नाही. मी काळी तीनमध्ये गायचो, ही काळी दोन आहे." मामांचा कान बरोबर होता. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची आवर्तने बदलत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ज्या यंत्राची मोटार आवर्तनांवर चालते, ते ६० ऐवजी ५० वर सहाव्या हिश्श्याने मंद होते आणि स्वर जवळजवळ तीन सूर खाली येतो. वस्तीतल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराने मोटारीवरची पुली बदलली, झिजलेला रबरी रोलर आणि पट्टे बदलले, सुकलेले कपॅसिटर काढून नवे बसवले. मग मामांचा आवाज काळी तीनमध्ये परत आला. कार्यकर्त्यांनी असे यंत्र घेण्याआधी मागची पट्टी वाचावी. आम्ही रोज पक्षकारांना 'सही करण्यापूर्वी वाचा' असे सांगतो आणि यंत्र घेताना तेच विसरलो.

हा कारागीर कोणत्याही संगीत विद्यालयात गेलेला नाही. त्याचे काम पाहताना आम्हाला जमैकाची आठवण झाली. किंग्स्टन शहरातील वॉटरहाऊस या गरीब वस्तीत ऑस्बोर्न रडॉक नावाचा एक कृष्णवर्णीय कारागीर होता. तो ॲम्प्लिफायर दुरुस्त करी. जग त्याला किंग टबी म्हणून ओळखते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस त्याने राहत्या घरात छोटा स्टुडिओ थाटला. जुने, चार ट्रॅकचे मिक्सर आणले. गायकाला उभे करायला वेगळी खोली नव्हती, तर बाथरूमचीच खोली केली. तेथून 'डब' हा संगीतप्रकार जगभर गेला. त्याच शहरात ली पेरी याने १९७३ साली आपल्या परसात ब्लॅक आर्क हा स्टुडिओ उभा केला, तोही चार ट्रॅकच्या यंत्रावर. ज्युनियर मर्विनचे 'पोलीस अँड थीव्ह्ज' हे गाणे १९७६ साली तेथेच मुद्रित झाले आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या गोऱ्या पोरांच्या द क्लॅश या बँडने ते गायले. अमेरिकेतील ब्लॅक पँथर पाहून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपण अभिमानाने सांगतो. मग कृष्णवर्णीयांनी घरातल्या खोलीत उभ्या केलेल्या या यंत्रशाळांकडूनही काही शिकायला हवे.

त्यात एक कडू धडाही आहे. जमैकात १९९३ सालापर्यंत १९११ चा जुना ब्रिटिश कॉपीराइट कायदाच चालू होता. ज्या संगीताने जगभरच्या कंपन्या श्रीमंत झाल्या, ते गाणारे-वाजवणारे अनेकजण रिकाम्या हाताने राहिले. यंत्र हातात आले, पण हक्काचा कागद हातात आला नाही. याकडे आम्ही पुन्हा येऊ.

आता खोलीविषयी. आमची खोली दहा बाय बाराची. दिवसा तेथे पक्षकार बसतात, रात्री मायक्रोफोन उभा राहतो. महागडे फोम लावायची गरज नाही. एका भिंतीला कायद्याच्या पुस्तकांचे कपाट आहे, बाकी दोन भिंतींवर आईने शिवलेल्या गोधड्या दोरीवर टांगल्या. गोधडी खोलीतला घुमारा मारते. बाहेरचा आवाज मात्र ती अडवत नाही, हे समजून घ्यावे. लोकलचा, नळावरच्या भांडणाचा, कुत्र्यांचा आवाज अडवायला जाड भिंत लागते. ती आपल्याकडे नाही. म्हणून वेळ निवडावी. आम्ही रात्री अकरानंतर बसतो. पंखा बंद, फ्रीज बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि तीन पिनांच्या प्लगला खरोखर अर्थिंग आहे का, ते आधी वायरमनकडून तपासून घ्यावे. नाहीतर सगळ्या गाण्यांखाली विजेची घरघर बसते आणि ती नंतर निघता निघत नाही.

माइक साधेच घ्यावेत. कार्यक्रमात वापरतो तसले डायनॅमिक माइक अशा खोलीत बरे, कारण ते जवळचे ऐकतात आणि लांबचे सोडतात. चार ट्रॅकची वाटणी आम्ही अशी करतो: एक मुख्य गायकाला, एक कोरसला, एक ढोलकीला, एक पेटीला. ढोलकीच्या बाबतीत जपावे. यंत्रावरचा काटा आळशी असतो. थाप पडून गेल्यावर तो हलतो. काटा मध्यावर दिसला तरी थाप टेपवर फाटलेली असू शकते. म्हणून ढोलकीचा आवाज काट्याच्या सांगण्यापेक्षा थोडा कमीच ठेवावा.

चार ट्रॅकची मर्यादा ही आम्हाला पुढे सोयच वाटू लागली. संगणकावर शंभर ट्रॅक असतात. गायक एक ओळ गातो, चुकली की पुन्हा गातो, मग तुकडे जोडले जातात. येथे सगळ्यांनी एका खोलीत बसून गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत गावे लागते. जलसाही असाच होत असे. १२०० फुटांची टेप सेकंदाला १९ सेंटिमीटरच्या वेगाने सुमारे ३२ मिनिटे चालते, ३८ च्या वेगाने निम्मी. टेप महाग असल्याने गायक तालीम करून येतात. मोबाइलवर दहादा गाऊन कंटाळणारी आमची तरुण पोरे टेप फिरू लागली की सावध होऊन गातात.

जुन्या कॅसेटींच्या बाबतीत आमचा अनुभव थोडक्यात सांगतो. कॅसेट थेट वाजवू नये. आधी एकदा पुढून मागे, मागून पुढे हळू फिरवून घ्यावी. बुरशीची असेल तर तोंडाला फडके बांधून वेगळी ठेवावी. टेप तुटली तर तिच्यासाठीची खास चिकटपट्टी मिळते तीच लावावी. सेलोटेपचा गोंद पाझरतो आणि यंत्राला लागतो. यंत्राचे हेड प्रत्येक बैठकीआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसावे. आणि हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. ज्या यंत्रावर कॅसेट मुद्रित झाली त्याचा कोन आणि आपल्या यंत्राचा कोन जुळला नाही तर आवाज दबलेला येतो. मामांची १९८८ ची एक कॅसेट अशीच घोगरी लागत होती. स्क्रू पाव वळसाही फिरवला नसेल, तोच टाळ्यांमधून त्यांच्या वारलेल्या पत्नीचा कोरसमधला आवाज वेगळा ऐकू आला. मामा काही बोलले नाहीत. कॅसेट संपेपर्यंत कोणीच बोलले नाही.

टेपवर सगळा भरवसा ठेवू नये, हेही तितकेच खरे. समुद्राकाठच्या दमट हवेत टेप किती टिकेल याची हमी नाही. म्हणून प्रत्येक टेपची संगणकावर पूर्ण दर्जाची, न दाबलेली नक्कल त्याच रात्री करावी आणि ती तीन ठिकाणी ठेवावी: एक स्टुडिओत, एक कलावंताच्या घरी, एक दुसऱ्या गावातल्या विश्वासू कार्यकर्त्याकडे. केवळ एखाद्या मोठ्या कंपनीच्या ॲपवर गाणे चढवले म्हणजे ते जतन झाले, या भ्रमात राहू नये. ते दुकान आहे, कपाट नव्हे.

एखादे मुद्रण काय करू शकते, हे विलास घोगरे यांच्या उदाहरणावरून दिसते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबार झाला. त्यानंतर काही दिवसांतच या लोकशाहिराने स्वतःचे जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटासाठी त्यांचे गाणे मुद्रित केले होते, म्हणून पुढे 'जय भीम कॉम्रेड'मधून तो आवाज नव्या पिढीपर्यंत पोहोचला. २००४ साली वामनदादा कर्डक गेले, त्याच वर्षी प्रल्हाद शिंदे गेले, २०१० साली विठ्ठल उमप गेले. ही नावे मोठी, त्यांचे आवाज बाजारातही उरले. पण वस्तीवस्तीत, तालुक्यातालुक्यात जे शेकडो गायक होते आणि आहेत, त्यांचे काय? त्यांच्यासाठी माहितीपटकार येणार नाही. तेथे आपल्यालाच जावे लागेल.

आता कागदाकडे येतो. १९९२ साली मामांनी सही केली, तेव्हा भारतीय कायद्यात गायकाला गायक म्हणून कोणताच हक्क नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने, १० मे १९९५ पासून मिळाला. गीतकार म्हणून मामांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने हक्क होता, पण तो त्यांना कोणी सांगितला नाही. आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. कलम ३८ प्रमाणे गायक-वादकाचा हक्क ५० वर्षे चालतो. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे. वामनदादांच्या काव्यावरचा हक्क २०६४ सालाच्या अखेरपर्यंत जिवंत आहे, हे त्यांची गाणी मुद्रित करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार-संगीतकाराला आपला मानधनाचा वाटा कंपनीला कायमचा लिहून देताच येत नाही. तो वारसांना किंवा कलावंतांच्या हक्कसंस्थेलाच देता येतो.

परंतु याच कायद्यात एक गोष्ट आहे, जी स्टुडिओ उभारताना आमच्याही ध्यानात आली नव्हती. ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक कोण? कायदा म्हणतो, निर्माता. निर्माता कोण? जो पुढाकार घेतो आणि जबाबदारी घेतो तो. म्हणजे यंत्र आमचे, टेप आमची, रात्र आम्ही ठरवली, तर मामांच्या नव्या मुद्रणाचे मालक कायद्याने आम्ही! कंपनीने १९९२ साली जे केले, ते आम्ही प्रेमाने, चळवळीच्या नावाने, चहा पाजून केले असते. आणि आमच्यानंतर आमच्या वारसांकडे ते गेले असते, मामांच्या नातवंडांकडे नव्हे.

म्हणून मामा पुन्हा गायला बसले त्या रात्री आम्ही यंत्र सुरू करण्यापूर्वी कागद काढला. मामा उठूनच उभे राहिले. म्हणाले, "पुन्हा कागद? एकदा सही केली ती पुरे झाली. गाणं पाहिजे तर असंच घ्या." त्यांचा राग आम्हाला समजत होता. ज्या माणसाला कागदाने लुबाडले, त्याला कागदाची भीती वाटणारच. आम्ही म्हणालो, "मामा, हा कागद तुम्ही आम्हाला देत नाही, आम्ही तुम्हाला देतोय. सही आधी आमची." मग त्यांच्या नातीने तो मोठ्याने वाचला. एकेक कलम. "मुदत तीन वर्षे" हे शब्द तिने मामांच्या सांगण्यावरून दोनदा वाचले. आधी आम्ही सही केली, मग त्यांनी. मूळ प्रत त्यांनी घडी करून ट्रंकेत ठेवली, नक्कल आमच्याकडे राहिली. त्यानंतर मामा गायले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दम कमी पडतो, दोन ठिकाणी आवाज फुटला. पुन्हा घेऊ का, असे विचारले तर म्हणाले, "राहू दे. तो पण माझाच आहे."

गावोगावच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती एवढीच. चार ट्रॅकचे यंत्र मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तर चांगला माइक आणि संगणक घ्या, पण जुन्या टेप वाजवणारे एक यंत्र जिल्ह्यात एका विहारात तरी चालू स्थितीत ठेवा. आणि मुद्रणापूर्वी एक पानाचा कागद करा. त्यात गाण्यांची नावे, कोणी लिहिले, कोणी चाल दिली, कोणी गायले, कोणी वाजवले हे लिहा. कोणता हक्क दिला, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी, पैसे आले तर वाटा किती, हे लिहा. ध्वनिमुद्रणाची मालकी कलावंताकडे राहील, हे स्पष्ट लिहा. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. पण कायद्याच्या अंदाजावर आपला कलावंत कशासाठी सोडायचा? लोकगीताची पारंपरिक चाल असेल तर तसेच नोंदवा, ती कोणा एकाच्या नावावर चढवू नका. मूळ प्रत कलावंताला द्या, नक्कल स्वतःकडे ठेवा.

येत्या १४ एप्रिलला ध्वनिक्षेपकांवर भाड्याने किती खर्च होईल याचा हिशेब मंडळे करतीलच. त्यातला थोडा भाग वस्तीतल्या सर्वांत वयोवृद्ध गायकाच्या मुद्रणासाठी काढून ठेवता येणार नाही काय? मामांच्या ट्रंकेतील एकोणीस कॅसेटी अजून ऐकायच्या राहिल्या आहेत. तुमच्या वस्तीतही अशी एखादी ट्रंक असेल. पावसाळ्यापूर्वी ती उघडा.

जयभीम!